अपडेटनंतर दिवा पेटत नाही: लिनक्समधल्या एलईडींच्या नावांचा घोळ आणि त्यावरचे उपाय

आमच्या सोसायटीच्या पंपघरात एक छोटा लिनक्स बोर्ड बसवलेला आहे. तो टाकीतली पातळी वाचतो, मोटर चालू-बंद करतो आणि सगळं ठीक असेल तर दाराजवळच्या खोक्यातला हिरवा दिवा लावून ठेवतो. वॉचमनकाकांकडे स्क्रीन नाही की अ‍ॅप नाही. त्यांच्यासाठी तो हिरवा दिवा म्हणजेच यंत्रणा. एका रात्री मी बोर्डाचा कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केला, मोटर वेळेवर चालू-बंद होतेय हे पाहिलं आणि झोपलो. दिव्याकडे बघायचं राहिलं, आणि तो विझलेला होता. काकांनी ठरल्याप्रमाणे केलं: हिरवा दिवा नाही म्हणजे यंत्रणा बंद, मग मोटर हाताने चालू. पहाटेपर्यंत गच्चीवरची टाकी भरून वाहत होती.

दिवा जळला नव्हता, वायर निघाली नव्हती, ड्रायव्हरही (दिवा चालवणारा कर्नलमधला भाग) शाबूत होता. बदललं होतं ते फक्त त्या दिव्याचं नाव. माझी स्क्रिप्ट जुन्या नावाला हाका मारत होती आणि त्या नावाचं आता कोणी नव्हतं.

हीच अडचण वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येते. कोणाचा राउटर नवी आवृत्ती चढवल्यावर वॅनचा (बाहेरच्या इंटरनेट जोडणीचा) दिवा लावत नाही, कोणाच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणक बोर्डावर जुनी स्क्रिप्ट चालत नाही, कोणाचा कीबोर्ड काढून परत लावला की सगळं बिघडतं. दर वेळी लोक नवं नाव शोधतात, स्क्रिप्टमध्ये चिकटवतात आणि पुढच्या अपडेटला पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहतात. म्हणून नुसतं नाव न सांगता ते तयार कसं होतं, हे इथे नीट मांडतो. (सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची.)

आधी लक्षण ओळखा

लिनक्समध्ये प्रत्येक एलईडीची एक डिरेक्टरी असते आणि या सगळ्या डिरेक्टऱ्या /सिस/क्लास/लेड्स इथे दिसतात. आत ब्राइटनेस, मॅक्स_ब्राइटनेस आणि ट्रिगर या फायली असतात. ब्राइटनेसमध्ये आकडा लिहिला की दिवा लागतो किंवा विझतो. ट्रिगरमध्ये दिवा कशावरून हलायचा ते ठरतं: डिस्क, नेटवर्क, हृदयाच्या ठोक्यासारखी उघडझाप, वगैरे.

त्यामुळे एरर कोणती येते, यावरूनच निम्मं निदान होतं. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' आली, किंवा डॅश शेलमध्ये 'डिरेक्टरी नॉनएक्झिस्टंट' आली, तर त्या नावाचा दिवा कर्नलला माहीतच नाही. ही नावाची भानगड, आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे. 'परमिशन डिनाइड' आली तर नाव बरोबर आहे, अधिकार कमी पडतायत. सुडो (रूटच्या अधिकाराने चालवणारी आज्ञा) लावूनही तीच एरर येत असेल तर बहुधा तुम्ही 'सुडो एको' करून बाणाने फाइलमध्ये पाठवताय. तो बाण तुमचा साधा शेल चालवतो, सुडो नाही. आकडा पाइपने 'सुडो टी'कडे द्या, काम होईल. आणि एररच नाही पण दिवाही नाही, तर त्याकडे शेवटी येऊ.

माझ्या बाबतीत एरर आली होती, पण स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालत होती आणि तिचं सगळं आउटपुट मी डेव्ह-नलमध्ये, म्हणजे जिथे लिहिलेलं गायब होतं तिथे, ढकललेलं होतं. पहिला बदल मी तिथे केला. नावाचा विचार त्यानंतर.

नावाचे तीन तुकडे

ठरलेला साचा असा: डिव्हाइसचं नाव, मग कोलन, रंग, मग कोलन, काम. म्हणजे 'अमुक:ग्रीन:वॅन'. एलईडीचा हा क्लास रिचर्ड पर्डी यांनी लिहिला आणि तो २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये आला. रंगासारख्या माहितीसाठी प्रत्येक दिव्याला वेगळी फाइल द्यावी, अशी मागणी तेव्हा होत होती. त्यापेक्षा ती नावातच घातली तर बोजा कमी पडतो, असं कर्नलच्या दस्तऐवजात म्हटलं होतं. छोट्या उपकरणांच्या त्या काळात ते पटण्यासारखं होतं. पण त्यातून नावावर दोन कामं आली. ते हाक मारण्यासाठीही वापरायचं आणि माहिती वाचण्यासाठीही. माहिती सुधारली की हाक बदलते. आजची सगळी डोकेदुखी इथून सुरू होते.

प्रत्यक्षात त्या डिरेक्टरीत पाहिलंत तर सगळे तुकडे भरलेलं नाव क्वचितच दिसेल. थिंकपॅडवर 'टीपीएसीपीआय::थिंकलाइट' असतं, म्हणजे रंगाची जागा रिकामी. कीबोर्डचं 'इनपुट३::कॅप्सलॉक'. मेमरी कार्डाच्या ड्रायव्हरचं 'एमएमसी०::', ज्यात रंगही नाही आणि कामही नाही. अनेक जण याला बिघाड समजतात, पण ती फक्त न भरलेली जागा आहे. काही वायफाय कार्डांचं 'एटीएच९के-फाय०', यात तर कोलनच नाही.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिने अनेक स्क्रिप्टा मोडतात: नाव कोलनवर तोडायचं असेल तर डावीकडून तोडू नका, उजवीकडून तोडा. इथरनेटच्या फाय चिपवरच्या दिव्यांना डिव्हाइसचं नाव एमडीआयओ बसवरून (त्या चिपशी बोलण्याची जोडणी) मिळतं आणि त्या नावात स्वतःचाच एक कोलन असतो, बसचं नाव आणि पत्ता यांच्या मध्ये. मग 'बस:००:ग्रीन:लॅन' असे चार तुकडे होतात आणि डावीकडून दुसरा तुकडा रंग समजणारी स्क्रिप्ट '००' या रंगाचा दिवा शोधत बसते. शेवटचा तुकडा काम, त्याआधीचा रंग, उरलेलं सगळं डिव्हाइस. हा क्रम धरला तर फसत नाही.

नाव बदलतं ते नेमकं कुठे

२०१९ च्या अखेरीस आलेल्या ५.४ कर्नलमध्ये नाव जुळवण्याचं काम एका जागी आणलं गेलं. आधी प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या मनाने नाव बनवायचा. आता ड्रायव्हर कर्नलच्या सामाईक फंक्शनला माहिती देतो आणि ते एका ठराविक क्रमाने नाव ठरवतं. हा क्रम कळला की बहुतेक कोडी सुटतात.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर काय काय जोडलंय याचं कर्नलला दिलेलं वर्णन, आणि त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे नोड. तिथे त्या दिव्याला 'लेबल' दिलेलं असेल तर तेच वापरलं जातं. ड्रायव्हरने डिव्हाइसचं नाव पुरवलं असेल तर ते पुढे जोडलं जातं, एवढंच. लेबल नसेल तर 'कलर' आणि 'फंक्शन' हे गुण बघितले जातात आणि त्यांतून 'ग्रीन:वॅन' तयार होतं. एकाच कामाचे चार दिवे असतील तर 'फंक्शन-एन्युमरेटर' वापरायचा, मग 'ग्रीन:लॅन-१', 'ग्रीन:लॅन-२' असे क्रमांक लागतात. यांतलं काहीच नसेल तर ड्रायव्हरने ठेवलेलं जुन्या पद्धतीचं नाव, आणि तेही नसेल तर डिव्हाइस ट्रीतल्या नोडचंच नाव, म्हणजे 'लेड-०' असलं काहीतरी.

यात दोन सापळे आहेत. पहिला: कोणी हौसेने डिव्हाइस ट्रीमध्ये कलर आणि फंक्शन घालतं, पण जुनं लेबल काढायला विसरतं. नाव जसंच्या तसं राहतं, कारण लेबलचा मान पहिला. 'बदल केला पण काहीच झालं नाही' असं वाटलं की आधी लेबल उरलंय का ते पाहा. दुसरा बरोबर उलटा: नव्या कर्नलच्या डिव्हाइस ट्रीमधून लेबल काढलेलं असतं, कारण लेबलची पद्धत आता जुनी ठरवली आहे. मग काल 'अमुकबोर्ड:ग्रीन:स्टेटस' असलेला दिवा आज 'ग्रीन:स्टेटस' होतो. आमच्या पंपघरात हेच झालं होतं.

बोर्डाचं नाव काढून टाकायचं कारण योग्य आहे, असं मला वाटतं. दिवा कोणत्या बोर्डावर आहे हे यंत्राला इतर ठिकाणाहून कळतंच. ते नावात घातलं की प्रत्येक प्रोग्रॅमला जगातल्या सगळ्या बोर्डांची नावं पाठ करावी लागतात. वॅनचा हिरवा दिवा सगळीकडे 'ग्रीन:वॅन' असेल तर एकच स्क्रिप्ट दहा राउटरांवर चालते. त्रास आहे तो फक्त जुन्या नावावरून नव्या नावावर जातानाचा.

राउटर: ओपनडब्ल्यूआरटी

या बदलाची झळ सगळ्यात जास्त ओपनडब्ल्यूआरटी (राउटरांसाठीचं लिनक्स) वापरणाऱ्यांना लागली. तिथे बहुतेक उपकरणांच्या दिव्यांच्या नावात पूर्वी कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव असायचं. २०२० मध्ये ते मोठ्या प्रमाणावर काढलं गेलं आणि २१.०२ या आवृत्तीतून ते सगळ्यांपर्यंत पोचलं.

सेटिंग ठेवून अपडेट केलं असेल तर तुमच्या सिस्टिम कॉन्फिगमध्ये दिव्यांचे जे विभाग असतात, त्यांतली नावं सुधारणारी एक मायग्रेशन स्क्रिप्ट पहिल्या बूटला चालते. त्यामुळे वेब पानावरून लावलेले दिवे बहुधा चालू राहतात. पण ती स्क्रिप्ट फक्त कॉन्फिगला हात लावते. तुम्ही आरसी-लोकलमध्ये, हॉटप्लग स्क्रिप्टमध्ये (उपकरण जोडलं की चालणारी) किंवा क्रॉनमध्ये स्वतः लिहिलेला पत्ता तिला दिसत नाही. म्हणून वेब पानावरचे दिवे नीट आणि तुमचा हाताने लावलेला तेवढा बंद, असं चित्र दिसलं की कारण हेच समजा. एटीसी डिरेक्टरीत 'क्लास/लेड्स' या शब्दांसाठी ग्रेप मारा, विसरलेल्या सगळ्या जागा सापडतील.

जुन्या बॅकअपमधून कॉन्फिग परत आणलंत तर तीच जुनी नावं परत येतात. तेव्हा सिस्टिम कॉन्फिगमधल्या दिव्याच्या विभागात 'सिसएफएस' या पर्यायापुढचं नाव हाताने दुरुस्त करा आणि मग इनिट-डीमधली 'लेड' ही सेवा रिस्टार्ट करा. राउटर पुन्हा चालू करायची गरज नाही.

बूट होताना लुकलुकणारा दिवा मात्र वेगळ्या वाटेने ठरतो. डिव्हाइस ट्रीमध्ये 'लेड-बूट', 'लेड-फेलसेफ', 'लेड-रनिंग' आणि 'लेड-अपग्रेड' अशी टोपणनावं असतात आणि ती थेट नोडकडे बोट दाखवतात. त्यामुळे दिव्याचं नाव बदललं तरी बूटचा दिवा चालतच राहतो. ही व्यवस्था मला फार आवडते: काम ठरवा, आणि ते काम कोणता दिवा करेल ते एका जागी लिहा.

रास्पबेरी पाय

इथे बदल छोटा होता पण पसरला खूप, कारण या बोर्डावर जुन्या पाठांची भरमार आहे. रास्पबेरी पायच्या कर्नलमध्ये वर्षानुवर्षं 'लेड०' म्हणजे हिरवा आणि 'लेड१' म्हणजे लाल पॉवरचा दिवा होता. ६.१ कर्नलपासून त्यांची नावं 'एसीटी' आणि 'पीडब्ल्यूआर' झाली, तीही मोठ्या रोमन अक्षरांत. इथे लहान-मोठं अक्षर चुकलं तरी दिवा सापडत नाही. इंटरनेटवरचे जुने धडे आजही 'लेड०' सांगतात आणि शिकणारी मुलं त्यात तासन् तास घालवतात.

दिवा फक्त कायमचा एका पद्धतीने लावायचा असेल तर या नावांच्या वाटेला न जाणं उत्तम. बूट विभाजनातल्या कॉन्फिग फाइलमध्ये डीटीपॅरॅम वापरून 'एसीटी-लेड-ट्रिगर' ठरवता येतो (टाइप करताना या जोडरेघांच्या जागी अंडरस्कोर द्यायचा). तो पर्याय जुन्या आणि नव्या दोन्ही कर्नलांवर सारखाच चालतो.

कीबोर्ड आणि वायफाय: आकडा हलतो

'इनपुट३::स्क्रोललॉक' मधला ३ हा आकडा कीबोर्डाचा नाही. कर्नलला इनपुट उपकरणं ज्या क्रमाने सापडली, तो त्यांचा क्रमांक आहे. कीबोर्ड काढून लावला की तो १७ होईल, यूएसबी हब बदलला की अजून काही. वायफायच्या 'फाय०' चं तसंच, आणि तिथे ट्रिगरच्या नावातही तोच आकडा असतो. दोन रेडिओ असतील तर बूटच्या वेळी कोण आधी उठला यावर ० आणि १ ठरू शकतं.

इथे अनेक जण यूडेव्हकडे (उपकरण जोडलं की नियम चालवणारी लिनक्सची सेवा) धावतात आणि दिव्याला पक्कं टोपणनाव द्यायला बघतात. ते जमत नाही. यूडेव्हच्या सिमलिंक (टोपणनावं) /डेव्ह मधल्या नोडसाठी असतात आणि एलईडीला तसा नोडच नसतो. नाव बदलायची सोय यूडेव्हमध्ये आहे, पण ती नेटवर्क इंटरफेसांपुरती. मात्र यूडेव्ह दुसरं एक काम चोख करतो: दिवा प्रकट झाल्याक्षणी त्याच्या फायलीत मूल्य लिहिणं. सबसिस्टिम 'लेड्स', कर्नल नाव 'इनपुट*::स्क्रोललॉक', आणि अ‍ॅट्रिब्यूट 'ट्रिगर' ला 'डिस्क-अ‍ॅक्टिव्हिटी' असा नियम लिहा. आकडा कितीही होवो, नियम लागतो. दोन कीबोर्ड असतील तर वरच्या उपकरणाच्या 'नेम' अ‍ॅट्रिब्यूटची अट घाला.

शेपटीला '_१' दिसलं तर

दोन दिव्यांची नावं अगदी सारखी झाली की दुसऱ्याला कर्नल '_१' जोडतो आणि लॉगमध्ये 'नेम कोलिजन' मुळे नाव बदलल्याची सूचना टाकतो. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा) ती सापडेल. '-१' आणि '_१' यांत गल्लत करू नका. जोडरेघेचा आकडा डिव्हाइस ट्री लिहिणाऱ्याने ठरवलेला आहे आणि तो पक्का. अंडरस्कोरचा आकडा कर्नलने वेळ मारून नेण्यासाठी दिलेला आहे. कोणत्या दिव्याला तो मिळेल हे ड्रायव्हर कोणत्या क्रमाने चालू झाले यावर अवलंबून असतं, म्हणून पुढच्या बूटला तो दुसऱ्याच दिव्याला चिकटू शकतो. अशा नावावर कधीही विसंबू नका. उपाय डिव्हाइस ट्रीमध्ये आहे: एन्युमरेटर द्या किंवा काम नेमकं लिहा. ते हातात नसेल तर रीडलिंक या आज्ञेने त्या दिव्याची खरी वाट काढा आणि तो कोणत्या उपकरणाखाली आहे, यावरून ओळखा.

स्क्रिप्टमधला पक्का उपाय

पूर्ण पत्ता लिहू नका, शेवटचे दोन तुकडे शोधा. '*ग्रीन:स्टेटस' या नमुन्यात 'अमुकबोर्ड:ग्रीन:स्टेटस' आणि 'ग्रीन:स्टेटस' दोन्ही बसतात. तारांकनानंतर कोलन टाकू नका, नाहीतर नवं आखूड नाव निसटेल.

नमुन्याला काय सापडलं ते मोजणं मात्र अत्यंत गरजेचं आहे. काहीच सापडलं नाही तर शेल तो नमुनाच तारांकनासकट पुढे सरकवतो, म्हणून डिरेक्टरी खरंच आहे का ते तपासा. एकाहून जास्त सापडले तर पहिला उचलून पुढे जाऊ नका. लॉगमध्ये ओळ लिहा आणि थांबा. चुकीचा दिवा लागणं हे न लागण्याहून वाईट. पंपघरात चुकून 'सगळं ठीक' दिसलं असतं तर टाकी कोरडी पडून मोटर जळाली असती.

मी आता शोध फक्त सुरुवातीला करतो, सापडलेला पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि दिवा सापडला नाही तर स्क्रिप्ट एरर देऊन बंद होते. सिस्टिमडी (सेवा चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग) ती अपयशी दाखवतो आणि मला मेसेज येतो. शिवाय काकांसाठी नियमही बदलला: दिवा दिसला नाही तर आधी फोन, मग मोटर.

ड्रायव्हर किंवा डिव्हाइस ट्री लिहिणाऱ्यांसाठी

नाव ही सजावट नाही, त्याच्यावर इतरांचं कोड उभं असतं. सिस्टिमडी कीबोर्डाच्या मागच्या उजेडाची पातळी बंद होताना जपून ठेवतो आणि पुन्हा सुरू होताना लावतो. तो दिवा तो ओळखतो कशावरून? नावाच्या शेवटी 'केबीडी_बॅकलाइट' आहे का यावरून. तुम्ही 'कीबोर्ड_लाइट' असं छान, समजेल असं नाव दिलंत तर उजेड लागेल, पण पातळी जपली जाणार नाही, आणि वापरणारा माणूस दोष कुठे आहे ते कधीच शोधू शकणार नाही.

म्हणून काम आणि रंग कर्नलच्या सामाईक हेडर फाइलमधल्या यादीतूनच घ्या. वॅन, लॅन, पॉवर, स्टेटस, फॉल्ट, चार्जिंग, माइकम्यूट असे बहुतेक शब्द तिथे आहेत. कर्नलच्या दस्तऐवजांत ओळखीच्या दिव्यांची एक यादीही आहे. प्रत्येक कामासाठी चांगलं नाव कोणतं आणि जुनी नावं कोणती, ते तिच्यात दिलंय. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आधी चांगलं नाव शोधावं, मग जुनी, असं ती सांगते. कंपनीचं नाव घालू नका. कर्नलच्या सोर्समध्ये टूल्सखाली एलईडीची माहिती काढणारी छोटी स्क्रिप्ट आहे. ती नाव साच्यात बसतंय का ते तपासते, तर पाठवण्याआधी एकदा चालवा. आणि आधीपासून लोकांच्या हातात असलेल्या बोर्डाचं लेबल काढत असाल तर बदलाच्या नोंदीत जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी लिहा. दोन ओळींचं काम आहे, पण ती शोधत कोणीतरी रात्री जागत असतं.

नाव बरोबर, तरी दिवा नाही

ट्रिगर फाइल वाचा. ज्याच्याभोवती चौकटी कंस आहे तो चालू ट्रिगर. 'नन' नसेल तर तो ट्रिगर तुम्ही लिहिलेला ब्राइटनेस पुसून टाकत असेल. ब्राइटनेसमध्ये शून्य लिहिलं की चालू ट्रिगर सुटतो, हेही लक्षात ठेवा. 'थोडा वेळ विझवून परत लावतो' म्हणणाऱ्यांचा नेटवर्कचा दिवा इथेच कायमचा मुका होतो. मग ट्रिगर पुन्हा लिहावा लागतो.

मॅक्स_ब्राइटनेस बघा. कुठे तो १ असतो, कुठे २५५. २५५ वाल्या दिव्यात १ लिहिलं तर तो लागतो, पण दिवसाउजेडी डोळ्याला दिसत नाही.

आणि दिवा उलटा वागत असेल, म्हणजे शून्याला लागतो आणि एकला विझतो, तर जीपीआयओची (दिवा जोडलेल्या पिनची) ध्रुवता चुकली आहे. ती डिव्हाइस ट्रीमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह लो' करून दुरुस्त करा. स्क्रिप्टमध्ये आकडे उलटे लिहून वेळ मारून नेलीत तर ज्या दिवशी कोणी डिव्हाइस ट्री सुधारेल, त्या दिवशी तुमचा दिवा पुन्हा उलटा होईल.

एवढं करूनही अडलात तर मदत मागताना तीन गोष्टी जोडा: कर्नलची आवृत्ती, लेड्स डिरेक्टरीतल्या सगळ्या नावांची यादी, आणि डीमेसेजमधल्या 'लेड' शब्द असलेल्या ओळी.